हाक मारली की जो येतो तो

जी

जी बाई मंगळवारी सकाळी बीडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, पदराला टाचणी लावून, मेट्रनच्या खोलीबाहेर उभी होती आणि मनातल्या मनात हू, विच, हूम, हूज असं घोकत होती, ती योगिता.

आता हेच उलटं. योगिता, जी मंगळवारी सकाळी वगैरे वगैरे. इंग्रजीत असं असतं. आधी माणूस आणून समोर उभा करायचा, मग त्याची ओळख सांगत बसायची. मराठीत ओळख आधी आणि माणूस मागून. योगिताच्या घरातल्या मराठीत तर माणूस मागूनही येत नाही. 'जे दूध घालायला गेलेत' म्हणजे नवरा. 'ज्यांना चहात साखर चालत न्हाई' म्हणजे सासरे. वाक्य तिथंच संपतं. ऐकणाऱ्याला कळतं, आणि कुणाचं काही अडत नाही.

नवऱ्याचं नाव परमेश्वर. हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण ती सांगणार नाही. सासऱ्यांचं आप्पाराव. तेही ती सांगणार नाही, आणि तिची सासू चतुराबाई तर मुळीच सांगणार नाही. लग्नात उखाण्यात योगितानं नवऱ्याचं नाव एकदा घेतलं होतं, पण बँडवाल्यांना नेमकं तेव्हाच स्फुरण चढलं आणि नवऱ्याला काही ऐकूच आलं नाही. त्याला सात वर्षं झाली.

दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर एक बाई पाहिजे होती. बारावी पास, इंग्रजी बोलणारी. ती खिडकी योगिताला हवी होती. पगारासाठी हवी होतीच. पण पाली गावातल्या घरात तिच्याशी सगळे पाठमोरे बोलायचे. शेरडं सोड. पाणी ठेव. कडबा आत घे. कुणीतरी समोर येऊन, तिच्या तोंडाकडे बघून काहीतरी विचारावं आणि आपण खुर्चीतून 'बोला' म्हणावं, एवढं तिला पाहिजे होतं.

चतुराबाईनं अट घातली होती. शेळ्या वीत होत्या, घरात हात कमी पडत होते. हे एकदा बघ, ती म्हणाली, जमलं तर जा. न्हाई जमलं तर उद्यापासून शेरडं तुझी आणि परत इंग्रजीचं नाव काढायचं न्हाई. आपलेही डोळे दाखवून घेऊ म्हणून ती सोबत आली आणि हॉलमधल्या पहिल्या बाकावर बसली. नवऱ्यानं दोघींना मोटारसायकलवर बसवून आणलं आणि तो फाटकाशी लिंबाच्या झाडाखाली थांबला. मुलाखतीला नवरा दिसला तर वाईट दिसतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

विच

शाईस्ताचा इंग्रजीचा क्लास तिच्या अब्बांच्या गॅरेजच्या माळ्यावर भरायचा. खाली नबी मिस्त्री मोटारसायकली खोलायचा, वर शाईस्ता वाक्यं खोलायची, आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे सुटे भाग जमिनीवर पसरलेले असायचे. नबीनं किक मारली की माळा थरथरायचा. हूम हा शब्द नेहमी त्याच वेळी शिकवायला निघायचा, त्यामुळे तो क्लासमध्ये कुणालाच धड येत नव्हता.

शाईस्ताचा नियम सोपा होता. माणूस असेल तर हू. वस्तू असेल, जनावर असेल, तर विच. कुणाचं काही असेल तिथं हूज. कुणाला कुणी काही केलं असेल तिथं हूम. फारच अडलं तर दॅट, पण दॅटची सवय लावून घेऊ नका, ती म्हणायची, नंतर सुटत नाही.

योगितानं पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं: द गोट हू लॉस्ट हर बेल. जी शेळी घंटी हरवून आली ती. शाईस्तानं हू पुसला आणि तिथं विच लिहिला. योगिता खडू हातात धरून तशीच उभी राहिली.

"मॅडम, चांदीला विच कसं म्हणू?"

"चांदी कोण?"

"शेळी."

"मग विचच की. बकरी काय इन्सान हाय?"

"नावानं हाक मारली की येती ना ती. जी हाक मारली की येती तिला हू म्हणायचं. भिंत येत न्हाई, बादली येत न्हाई. त्यांना विच म्हणा खुशाल."

शाईस्तानं डस्टर टेबलावर ठेवला. "तुझ्या हिशोबानं मग आमच्या आमेरला विच म्हणावं लागंल. अब्बांनी खालून कितीबी हाका मारू दे, हा भाऊ काय जागचा हलत न्हाई."

खालून नबीचा आवाज आला की तो विचच आहे, लिहून टाक.

सगळा माळा हसला. योगिताही हसली, पण तिनं फळ्यावरचा विच मनातून मान्य केला नाही. मराठी भेटल्या भेटल्या विचारते, बाप्या, बाई की आणखी काही: जो, जी, जे. इंग्रजीला त्याचं काही पडलेलं नाही. ती विचारते, माणूस आहे का? योगिताला हा प्रश्न जरा उद्धट वाटायचा. आणि मानाचं काय? नवरा 'जे' असतो, सासरे 'जे' असतात, पाळण्यातलं लेकरू असतं तेही 'जे'. इंग्रजीत तिघांनाही एकाच हू मध्ये दाटीवाटीनं बसवलेलं.

तरी तिची वाक्यं बघून शाईस्ता चकित व्हायची. बाकीच्या बाया दोन वाक्यांत दमायच्या. योगिता सुरू झाली की थांबायची नाही. द मॅन हू हे करतो, द मॅन हूज ते हरवलं, द मॅन हूम अमक्यानं फसवलं. शाईस्ताला वाटलं, हिच्यात इंग्रजी उपजतच आहे. शाईस्ताच्या घरी तिची अम्मी हजराबी अब्बांना सरळ 'ओ नबी' म्हणून हाक मारायची. योगिता हीच वाक्यं चुलीपुढं बसून रोज मराठीत करते, हे तिच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं.

हू, हू, हू

मेट्रन केरळची. बीडला येऊन तिला दोनच महिने झाले होते. हिंदी बैठो, लेटो, आँख खोलो एवढी. मराठी काहीच नाही. बाहेरून येणारे डॉक्टरही तसलेच, म्हणून तर इंग्रजीवाली बाई पाहिजे होती.

टेल मी अबाउट युवर फॅमिली, मेट्रन म्हणाली.

हा प्रश्न येणार हे शाईस्तानं सांगूनच ठेवलं होतं. योगितानं पदर सारखा केला.

"आय लिव्ह विथ द मॅन हू टेक्स मिल्क टू बीड."

जो बीडला दूध नेतो त्या माणसासोबत मी राहते. हू बरोबर. मेट्रननं मान हलवली.

"आय कुक फॉर द मॅन हूज मोटारसायकल इज ऑलवेज इन द गॅरेज."

ज्याची मोटारसायकल कायम गॅरेजमध्ये असते त्याला मी रांधून घालते. हूज बरोबर. मेट्रननं मान अर्धवट हलवली.

"अँड आय रिस्पेक्ट द मॅन हूम आय मॅरीड."

आणि ज्याच्याशी लग्न केलं त्याचा मान राखते. हूम! तोही पूर्ण, खाली इंजिन नसताना. योगिताला एवढं बरं वाटलं की तिला समोरच्या पेल्यातलं पाणी प्यावंसं वाटलं.

मेट्रनच्या डोळ्यांपुढं मात्र त्या घरात दाटी होत चालली होती. एक दूधवाला, त्याच्यासोबत ही राहते. एक मोटारसायकलवाला, त्याला जेवू घालते. आणि एक बिचारा नवरा, त्याचा नुसता मान राखते. हे योगिताला नंतर कळलं. तेव्हा तिला एवढंच दिसलं की मेट्रननं पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं की घरात एकूण पुरुष किती.

"टू," योगिता म्हणाली. नवरा आणि सासरे.

मेट्रननं पेन परत उचललं. यातला नवरा कोणता? त्याचं नाव काय?

योगितानं पंख्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं, तळाच्या बारीक ओळीपर्यंत. मग खिडकीतून फाटकाकडे पाहिलं आणि एकदम सुटल्यासारखी म्हणाली:

"ही इज द मॅन हू इज स्टँडिंग अंडर द नीम ट्री."

आता चार झाले.

मेट्रननं कागदावरचं काहीतरी खोडलं. मग ती म्हणाली की इंग्रजी चांगलं आहे, व्याकरण तर फारच चांगलं आहे, पण इथलं काम हाका मारायचं आहे. चिठ्ठी बघायची, माईकवर आधी नाव घ्यायचं, मग गाव सांगायचं. पेशंटला नाव कळलं की झालं, गाव आत बसलेल्या डॉक्टरांना कळलं पाहिजे, म्हणून इंग्रजीत. चला, करून दाखवा.

ज्यांचं

आदल्या दिवशी वडवणीहून आणि आजूबाजूच्या गावांहून आलेल्या गाडीभर माणसांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. आज पट्ट्या सोडायच्या होत्या. हॉलमध्ये जिकडं बघावं तिकडं पांढरी टोपी आणि एका डोळ्यावर पांढरी पट्टी. माईकचा एक कर्णा हॉलमध्ये होता, दुसरा बाहेर फाटकाच्या खांबावर, चहाला गेलेल्यांसाठी.

योगिता खिडकीआडच्या खुर्चीत बसली. खुर्चीला चाकं होती. ती जराशी मागं सरकली आणि परत पुढं आली. मेट्रन शेजारी उभी.

"हरिबा, हू केम फ्रॉम वडवणी."

हरिबा उठला आणि आत गेला. सोपं होतं की. छबुबाईही गेली. योगितानं तिसरी चिठ्ठी उचलली, वाचली, आणि उलटी करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं. मागं काही नव्हतं. पुढं होतं: आप्पाराव, वडवणी.

समोर पहिल्याच बाकावर चतुराबाई बसलेली. तिच्या देखत तिच्या मालकाचं नाव माईकवर! योगितानं चिठ्ठी माईकखाली सरकवली. आणि मग तिनं ते केलं जे ती रोज करत होती, आणि तेही मराठीत.

"जे वडवणीहून आलेत," ती माईकवर म्हणाली, "त्यांनी आत चलावं."

बाकं करकरली आणि निम्मा हॉल उभा राहिला.

"बसा, बसा. ज्यांच्या डोळ्याला पट्टी हाय ते."

उरलेलाही उभा राहिला.

"सगळे न्हाई हो. ज्यांचं नाव," योगिता थांबली, "ज्यांचं नाव आमच्या मामंजींचं हाय ते."

कुठल्याही दुसऱ्या गावच्या दवाखान्यात इथं गोंधळ झाला असता. इथं झाला नाही. हॉलभर एक 'अस्सं' पसरलं आणि माणसं परत बसली. अडचण काय ते सगळ्यांना कळलं होतं. कडूबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं चतुराबाईला विचारलं की ही सून तुझी का, मग तुझ्या मालकाचं नाव काय? चतुराबाईनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला. कडूबाईनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, दोघीबी एकाच दाव्याला बांधलेल्या की.

मग हॉलनं काम हातात घेतलं.

"बद्रीनाथ?" एक जण म्हणाला.

योगितानं मान हलवली. न्हाई.

"आदिनाथ?"

न्हाई.

"ज्यांच्या नावात राव येतं ते," योगितानं माईकवरून मदत केली.

"गणपतराव? माणिकराव?"

मेट्रन या टोकाकडून त्या टोकाकडे बघत होती. तिला वाटलं लिलाव चाललाय. कुणीतरी कोपऱ्यातून आप्पाराव म्हणालं आणि योगितानं एवढ्या जोरात मान डोलावली की खुर्ची पुन्हा मागं सरकली. आता सगळा हॉल आप्पाराव शोधू लागला. आप्पाराव सापडेना. शेवटी कडूबाईनं शेजारच्या म्हाताऱ्याला कोपरानं ढोसलं. तो भिंतीला टेकून झोपला होता. उठल्यावर तो म्हणाला की मला नावानं हाक मारली असती तर मी कधीच उठलो असतो.

मेट्रननं घड्याळाकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. एकाला बोलवायला एवढा वेळ लागला तर सगळ्यांच्या पट्ट्या सुटायच्या आधीच डॉक्टर परत जातील, ती म्हणाली. आणखी एक चिठ्ठी. फक्त नाव आणि गाव. जमलं तर जमलं, नाहीतर थँक यू.

थँक यू म्हणजे काय ते योगिताला शाईस्तानं शिकवलं नव्हतं, पण कळलं. थँक यू म्हणजे शेरडं.

तिनं चिठ्ठी उचलली.

परमेश्वर, वडवणी.

____

ही रिकामी जागा योगितानं सात वर्षं सांभाळली होती. हाक मारायची असेल तर 'अहो' म्हणायचं, 'ऐकलं का' म्हणायचं, नाहीच जमलं तर ताट आपटायचं. देवळातसुद्धा ती 'देवा' म्हणायची, दुसरा शब्द वापरायची नाही.

चतुराबाईला लांबून चिठ्ठी वाचता येत नव्हती, तिला जवळूनही वाचता येत नव्हतं. पण सुनेचं तोंड तिला वाचता येत होतं. ती उठून खिडकीपाशी आली.

"कावून गप झालीस? आता कुणाचं हाय?"

"त्यांचं," योगिता म्हणाली.

"त्याचं? मग त्यात काय. सरक, मी मारते हाक. माझं लेकरू हाय, मला कोण अडवतंय." आणि तिनं खरोखरच माईकची मान धरली.

मेट्रननं माईकवरचा तिचा हात हळूच बाजूला केला. तिला भाषा कळली नव्हती, पण खुर्ची एकच आहे एवढं तिनं बोटानं दाखवलं.

कुणी म्हणेल, उखाणा घ्यायचा की. योगिताच्या मनात तेही येऊन गेलं. पण उखाणा आपल्या माणसासाठी असतो. वडवणीच्या कुठल्यातरी परमेश्वरासाठी भर हॉलमध्ये उखाणा घेतला असता तर तिला घरी जायची सोयच राहिली नसती.

वडवणीच्या कुठल्यातरी.

योगितानं चिठ्ठीकडे परत पाहिलं. अरे, हा तो नव्हेच. जे लिंबाखाली उभे आहेत ते पालीचे, हे वडवणीचे. नाव तेच, पण मागून जे जोडायचं ते वेगळं. हू केम फ्रॉम वडवणी म्हटलं की त्या नावातून तिचा नवरा बाहेर पडतो आणि दुसरा कुणी आत येतो. मराठीत असतं तर आधी वडवणी म्हणून सावरता आलं असतं. इंग्रजीत आधी उडी मारायची, विहीर कुठली ते मागून सांगायचं.

"आत्याबाई, हे आपले न्हाईत," ती सासूला म्हणाली.

चतुराबाईनं सुनेकडं बघितलं, माईककडं बघितलं, आणि पदरानं दोन्ही कान झाकून उभी राहिली. याचा अर्थ 'म्हण' असाच होता.

"परमेश्वर," योगिता म्हणाली.

बँड वाजला नाही. माईक खरखरलासुद्धा नाही. नाव पाचही अक्षरांनिशी बाहेर पडलं, हॉलमधून फिरलं, कर्ण्यातून फाटकापर्यंत गेलं. मग तिनं घाईघाईनं उरलेलं जोडलं: "हू केम फ्रॉम वडवणी."

तिसऱ्या बाकावरचा एक दांडगा माणूस उठला, टोपी सारखी केली आणि आतल्या खोलीकडं चालू लागला. झालं. एवढंच होतं. मेट्रननं मान हलवली, पूर्ण.

तेवढ्यात हॉलच्या दारात धापा टाकत दुसरा एक जण आला. चपला बाहेर काढायच्या असतात म्हणून एक काढली होती, एक पायातच होती. हाताला मोटारसायकलचं ग्रीस. त्याला उरलेलं वाक्य ऐकू आलं नव्हतं. तो पहिल्या शब्दालाच निघाला होता.

"मला हाक मारली?" परमेश्वर म्हणाला. हे त्यानं सगळ्या हॉलला विचारलं, पण बघत होता खिडकीकडं.

कुणी हसलं नाही, हे विशेष. कडूबाईनं पट्टी नसलेला डोळा पुसला, पण तिला तसंही पाणी येत होतं.

योगिताचे कान तापले. तिनं माईक बंद करायचं बटण शोधलं, ते काही सापडलं नाही, म्हणून पुढचंही सगळं कर्ण्यातूनच गेलं.

"तुमाला न्हाई," ती म्हणाली. "जे वडवणीहून आलेत त्यांना."

"असं व्हय," परमेश्वर म्हणाला. पण गेला नाही.

मेट्रन त्याच्याकडं निरखून बघत होती. तिनं योगिताला विचारलं की हा त्यातला कोणता? आणि बोटं मोजून दाखवली: दूधवाला, मोटारसायकलवाला, ज्याच्याशी लग्न झालं तो, की लिंबाखालचा?

योगितानं त्या चार बोटांकडं पाहिलं. मुलाखत कुठं फिसकटत गेली ते तिला आत्ता कळलं, आणि माईकवर, सगळ्या वडवणीच्या समोर, तिला हसू आवरेना.

"ऑल फोर, मॅडम," ती म्हणाली. "सेम मॅन."

मेट्रननं तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलत होते. मग तिनं उरलेल्या चिठ्ठ्यांचा अख्खा गठ्ठा योगितापुढं सरकवला, उद्या नऊ वाजता म्हणाली, आणि आत निघून गेली.

"काय म्हणाली गं ती?" परमेश्वरनं आईला विचारलं.

चतुराबाईला फक्त बोटं कळली होती. "मला काय ठाऊक. मला एकच लेक हाय, ती बाई चार मोजती." तिनं कानावरचा पदर सोडला. "आन उद्याच्याला शेरडं तू सोड. ती हितं बसणार हाय."

परमेश्वरनं मान डोलावली. त्यानं दुसरी चपलही काढली, दाराबाहेर नेऊन पहिलीशेजारी ठेवली, आणि आत येऊन पट्टीवाल्यांच्या बाकावर, कडूबाईशेजारी, हात मांडीवर ठेवून बसला. कडूबाईनं विचारलं की बाबा, तुझा कुठला डोळा? तो म्हणाला की डोळे चांगले हायेत.

"मग बसलास कावून?"

त्यानं खिडकीकडं बघितलं. योगितानं पुढची चिठ्ठी उचलली होती. गठ्ठा जाड होता, आणि वडवणीला परमेश्वर नावाचे लई जण असतील.